पलीकडचा आणि आपला

दाभोळच्या एस.टी. स्टँडवर उतरून कुणालाही विचारा, ‘‘एन्रॉन कुठे आलं हो?’’ समोरचा माणूस तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवतो, तुम्हाला पायांपासून डोक्यापर्यंत बघून घेतो आणि उलट विचारतो, ‘‘कुठला? पलीकडचा का आपला?’’

पलीकडचा म्हणजे वाशिष्ठीच्या खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यातल्या वेलदूर-अंजनवेलच्या बाजूला ज्याची धुराडी दिसतात तो. आपला म्हणजे पाखाडी चढून वर गेलं की ज्या घराच्या स्लॅबवर गंजक्या सळ्यांचं रान माजलेलं दिसतं, त्या घरातला. पलीकडच्याचं नाव २००५ साली बदललं. कागदोपत्री तो आता रत्नागिरी गॅस अँड पॉवर आहे. आपल्याचं नाव बदलायचा ठराव ग्रामसभेने एकमताने केला तरी अमलात यायचा नाही.

रेशनकार्डावर त्याला चांगलं देवाचं नाव आहे. ते इथे देत नाही, दाभोळातल्या वाचकांचा उगाच गोंधळ व्हायचा. मागे एकदा बेलिफ त्या नावाचं समन्स घेऊन भर उन्हात वाडीवाडीतून फिरला आणि शेवटी ‘सदर इसम येथे राहत नाही’ असा शेरा मारून परत गेला. त्याला बसायला खुर्ची आणि प्यायला कोकम सरबत दिलं ते एन्रॉननेच. यात लबाडी काही नव्हती. बेलिफाने वाचलेलं नाव आपण कुठेतरी ऐकलंय एवढंच त्याला वाटत राहिलं. ते आपलंच आहे हे रात्री जेवताना ध्यानात आलं.

गावात माणसाचं बारसं दोनदा होतं. पहिलं आत्या करते, ते शाळेच्या दाखल्यापुरतं. दुसरं गाव करतं, आणि त्याला पाळणा, पेढे, मुहूर्त काही लागत नाही. फक्त या दुसऱ्या बारशाची एक अडचण असते. नाव कुणी ठेवलं आणि कशावरून ठेवलं, यावर गावाचं कधी एकमत होत नाही. एन्रॉनच्या बाबतीत दाभोळात चार पंथ आहेत आणि चारही पंथांचे अनुयायी एकमेकांना अडाणी समजतात.

पहिला जेटीवरच्यांचा. ह्यूस्टनच्या एन्रॉन कंपनीने महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी सामंजस्य करार केला तो जून १९९२ मध्ये. त्याच्या आगेमागे कधीतरी काही गोरे साहेब जागा बघत खाडीत लाँच घेऊन आले, असं जेटीवरचे सांगतात. आमचा माणूस तेव्हा जेटीवर उभा. साहेबाने विचारलं, ‘‘धिस दाभोळ?’’ हा म्हणाला, ‘‘येस, येस, दाभोळ,’’ आणि हात लांब केला. पण हात केला तो नेमका पलीकडे, कारण त्याच क्षणी त्याची होडी सुटून पलीकडे वाहत चालली होती आणि तो ती कुणाला तरी दाखवत होता. साहेबाने हाताच्या दिशेने बघितलं, वहीत ‘दाभोळ’ असं लिहिलं आणि लाँच वळवली. झालं! नाव दाभोळ पॉवर कंपनी, आणि दाभोळची एक गुंठा जमीन नाही. तालुकासुद्धा दुसरा. जगभरच्या वर्तमानपत्रांत दाभोळचं नाव छापून आलं, अमेरिकेतल्या वकिलांनी दाभोळवर दप्तरं भरली, आणि खुद्द दाभोळातले लोक संध्याकाळी जेटीवर बसून ते दाभोळ समोरच्या काठावर बघत राहिले. या एवढ्या मोठ्या घोटाळ्याला कुणीतरी एक माणूस जबाबदार असणं गावाला बरं वाटतं. सात-आठ बैठका आणि दोन सरकारं जबाबदार असण्यापेक्षा एक हात जबाबदार असलेला कळायला सोपा.

दुसरा पंथ हेल्मेटवाल्यांचा. बांधकाम चालू होतं तेव्हा हा काही दिवस तिकडे कामाला होता, ते सोडताना पिवळं हेल्मेट घेऊन आला आणि अजूनही नारळ पाडणारा माडावर चढला की खाली हेल्मेट घालून उभा राहतो. या पंथात फारसा दम नाही. हेल्मेट त्या काळात निम्म्या गावाकडे होती. कुणी त्यात कोंबड्यांना पाणी ठेवायचं.

तिसरा गवंड्याचा. यानं घर बांधायला काढलं ते ‘फेजमध्ये’. फेज वन म्हणजे ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि वर स्लॅब. फेज टू म्हणजे माडी, तिला खाडीकडे तोंड करून गॅलरी आणि पर्यटकांसाठी दोन खोल्या. फेज वन झाली. फेज टूसाठी कॉलमच्या सळ्या वर सोडून ठेवल्या. पलीकडच्या प्रकल्पाचाही पहिला टप्पा ७४० मेगावॉटचा, तो मे १९९९ मध्ये सुरू झाला. दुसरा धरून २,१८४ मेगावॉट व्हायचे होते, आणि २००१ च्या उन्हाळ्यात दुसरा बराचसा बांधून झालेला असतानाच सगळंच थांबलं. गवंडी म्हणतो, ‘‘त्यांचं निदान काम झालं व्हतं. हितं मी माज्या हातानं सळ्या वाकवून ठेवल्या, त्यावर आता वयनी पापड वाळत घालतात.’’

चौथा पंथ एकाच व्यक्तीचा आहे. ती व्यक्ती म्हणजे त्याची बायको. सगळ्यांची ती वहिनी. माझ्या मते चारांत अभ्यासू उपपत्ती हीच, कारण ती कराराच्या कलमांवर उभी आहे.

त्या कराराची मेख अशी होती : विद्युत मंडळाने वीज उचलो न उचलो, कारखान्याचा ठरलेला आकार भरायचाच. हिशेब डॉलरशी बांधलेला, तेव्हा रुपया घसरला की तोटा मंडळाच्या अंगावर. मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी. राज्यालाही जमलं नाही तर केंद्राची प्रतिहमी, जिला तेव्हा सगळा महाराष्ट्र ‘काउंटर गॅरंटी’ म्हणायला शिकला. वहिनी पडवीत कोकमं फोडत हे सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘‘आमच्याकडं वेगळं काय हाय? धंदा चालो नायतर बुडो, ह्यांचा चहा, पेपर आणि झेरॉक्सचा खर्च ठरलेला. तो ह्यांना नाय झेपला तर माझ्या बांगड्या. बांगड्या नाय पुरल्या तर माझा भाऊ.’’

हा भाऊ चिपळूणला असतो. मे १९९६ मध्ये वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार पायउतार होता होता एन्रॉनच्या प्रतिहमीला मंजुरी देऊन गेलं, ही गोष्ट वर्तमानपत्रं वाचणाऱ्या पिढीला आठवत असेल. चिपळूणच्या मेव्हण्याचंही तसंच. कुठल्याशा पतपेढीच्या कर्जाला जामीन राहायचं नाही अशी शपथ घेऊनच तो दाभोळात आला होता. दोन दिवस तो टिकला. तिसऱ्या दिवशी एस.टी. हलली, आणि हलत्या गाडीच्या खिडकीतून त्याने सही केली.

आता खुद्द माणसाकडे येऊ. साठी उलटलेली. अंगाने चिपाड, पण खिसा नेहमी फुगलेला. खिशात दोन पेनं, एक पेन्सिल, चश्म्याचं घर आणि वर्तमानपत्राचे कोरे समास कापून केलेला गठ्ठा. हे समास म्हणजे त्याचं प्रकल्प कार्यालय. आवाज खर्जातला, आणि बोलणं एका वाक्याशिवाय सुरू होत नाही : ‘‘आपण कमीत कमी धरू.’’

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात, ज्याच्या डोक्यात योजना घुसते तो माणूस या चार शब्दांवरून ओळखता येतो. ‘‘एका झाडाला दहा किलो लागतं म्हणतात. आपण कमीत कमी धरू, दोन. एकरी चारशे झाडं. आपण कमीत कमी धरू, तीनशे.’’ ऐकणाऱ्याला वाटतं, केवढा सावध माणूस! दोन ओळींनी समासाच्या तळाशी अठरा लाख येतात. त्याच्या गणितात गुणाकार निर्दोष असतो, वजाबाकीचं चिन्ह मात्र त्याला शाळेत कुणी दाखवलंच नसावं. अठरा लाख आले की तो पेन्सिल कानावर ठेवतो आणि समोरच्याकडे अशा करुणेने बघतो की अठरा लाख न मिळवता इतकी वर्षं आपण काय केलं, या विचाराने समोरचाच ओशाळतो.

सुरुवातीला त्याला हे नाव अजिबात आवडत नसे. हाक मारणाऱ्याच्या घरचा चहा त्याने सोडला होता, आणि तो हिशेब वाढत वाढत गावात त्याला चहा मिळायचे फक्त दोन उंबरे उरले. शेवटी एका निवृत्त मास्तरांनी त्याला जवळ बसवून दाभोळकरांची गोष्ट सांगितली. गोविंद रघुनाथ दाभोळकर १९१० साली शिर्डीला गेले आणि पहिल्याच दिवशी गुरूची गरज काय, यावर वाद घालत बसले. ते कानावर जाताच साईबाबांनी विचारलं, हे ‘हेमाडपंत’ काय म्हणत होते? हेमाडपंत म्हणजे देवगिरीच्या यादवांचा करणाधिप, ‘चतुर्वर्गचिंतामणी’ लिहिणारा प्रचंड पंडित. थोडक्यात, चिमटा होता. पण दाभोळकरांनी तो प्रसाद म्हणून घेतला आणि पुढे ‘श्री साईसच्चरित’ लिहिलं ते हेमाड ही मुद्रा मिरवत. ‘‘दाभोळकर आडनावाचा माणूस टोपणनाव डोक्यावर घेऊन तरून गेला,’’ मास्तर म्हणाले, ‘‘तू तर खुद्द दाभोळचा.’’

परिणाम मास्तरांच्या अपेक्षेबाहेर झाला. दुसऱ्या दिवसापासून हा अर्जांवर सहीखाली कंसात ‘एन्रॉन’ लिहू लागला. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभा राहिला तेव्हा निशाणी म्हणून विजेचा बल्ब मागितला. मिळाली कपबशी. पडला, पण जुने चहा सोडलेले सगळे उंबरे प्रचाराच्या निमित्ताने पुन्हा सुरू झाले, आणि तो त्याला निव्वळ नफा मानतो.

पलीकडच्या एन्रॉनचा इतिहास त्याला तोंडपाठ आहे, आणि सांगताना तो एखाद्या चुलत्याबद्दल बोलावं तसा बोलतो. १९९५ च्या निवडणुकीत गोपीनाथ मुंडे यांनी एन्रॉन अरबी समुद्रात बुडवायची भाषा केली. ऑगस्टमध्ये युती सरकारने करार रद्दही केला. मग वाटाघाटी झाल्या आणि काही महिन्यांत प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन परत आला. ‘‘ओहोटीला बुडवलेलं भरतीला वर येतं,’’ तो म्हणतो, ‘‘हे बीडच्या माणसाला ठाऊक असायचं कारण नाय. पण त्यांनी निदान आमच्या तांडेलाला तरी विचारायचं.’’ कंपनीच्या एका अधिकारी बाईंनी अमेरिकी काँग्रेसपुढे सांगितलं होतं की या प्रकल्पाबाबत भारतातल्या मंडळींच्या ‘शिक्षणावर’ आणि पूर्वतयारीवर कंपनीचे सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले. ही हकिकत कळल्यापासून तो दाभोळच्या प्रत्येक सुशिक्षित माणसाकडे संशयाने बघतो. मास्तरांनाही त्याने विचारून घेतलं, ‘‘खरं सांगा गुरुजी, तुमच्या वाटणीला किती आले?’’

एका गोष्टीवर मात्र तो विनोद करत नाही. पलीकडच्या गावांनी या प्रकल्पाविरुद्ध आंदोलनं केली, अटका झाल्या, आणि जून १९९७ मध्ये वेलदूरला पोलिसांनी पहाटे मच्छीमारांच्या घरांत घुसून बायकांना मारलं. त्यावर कुणी थट्टेने काही बोललं तर हा पेन्सिल खिशात टाकून उठतो. त्या गावात त्याची मावसबहीण दिलेली आहे.

डिसेंबर २००१ मध्ये ह्यूस्टनच्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, ती बातमी याने पडवीत मोठ्याने वाचून दाखवली आणि वर म्हणाला, ‘‘नाव चालवायला आता आपण एकटेच राहिलो.’’ पुढे भारनियमनाची वर्षं आली. समोर काठावर एवढा थोरला वीज कारखाना थंड पडलेला आणि इकडे रात्री घरोघरी कंदील. दिवे गेले की वाडीतली पोरं याच्या अंगणात येऊन ओरडायची, ‘‘एन्रॉन काका, लाइट सोडा!’’ हा आतून पूर्ण गांभीर्याने उत्तर द्यायचा, ‘‘आधी थकबाकी भरा!’’

त्याच्या स्वतःच्या योजनांची वंशावळ मोठी आहे. सागवान झालं, कोळंबी झाली, मोगली एरंडापासून डिझेल झालं. या तिन्हींबद्दल तो फार बोलत नाही; सागवानाला तर ‘ते पोरवय होतं’ म्हणतो. व्हॅनिला मात्र त्याची खरी प्रीती. २००३ च्या सुमारास व्हॅनिलाच्या शेंगांचा भाव आभाळाला टेकला होता आणि माडा-पोफळीच्या सावलीत वेल चढवा, लक्षाधीश व्हा, असं कोकणात जो तो सांगत होता. व्हॅनिलाचं फूल उमलतं ते एका सकाळपुरतं. आपल्याकडे परागीभवन करणारा तिचा किडा नाही, म्हणून तेवढ्या वेळात प्रत्येक फुलाचं लग्न माणसाने काडीने लावून द्यावं लागतं. त्यामुळे फुलांच्या दिवसांत हा पहाटे आगरात हजर, हातात दातकोरणं, कपाळाला बॅटरी. वहिनी मागीलदारी उभ्या राहून म्हणायच्या, ‘‘स्वतःच्या लग्नात मुहूर्त टळेपर्यंत झोपले होते. आता बघा.’’ लग्नं लागली. शेंगाही धरल्या. त्या पिकून, वाळून, घाम काढून तयार होईपर्यंत भाव असा कोसळला की शेवटी शेंगा वहिनींनी खरवसात घातल्या. तसा खरवस मी पुन्हा खाल्लेला नाही, आणि त्याची खरी किंमत काढायचं धाडसही कुणी करू नये.

मग इमू. महाराष्ट्रात २०१० च्या आसपास ज्याच्याकडे कुंपण होतं त्याने इमू पाळायला घेतले. मांस, अंडी, कातडं, तेल, पिसं, कशालाही बाजार आहे म्हणायचे. बाजार एकच निघाला : इमू पाळू बघणाऱ्या पुढच्या माणसाला इमूची पिल्लं विकण्याचा. आमच्या एन्रॉनने सहा पिल्लं आणली. ती माणसाएवढी झाली तेव्हा पुढचा माणूस संपला होता. एका सकाळी फाटक उघडं राहिलं आणि त्यांतला एक पाखाडी उतरून बाजारपेठेतून थेट जेटीकडे निघाला. मागे एन्रॉन, एन्रॉनमागे पोरं, पोरांमागे कुत्री. फेरीबोट सुटायच्या बेतात होती. गाड्यांसाठी टाकलेल्या रॅम्पवरून इमू शांतपणे चालत गेला आणि एका टेंपोच्या बाजूला उभा राहिला. तिकीट फाडणाऱ्या पोरासमोर धर्मसंकट. तक्त्यावर दुचाकी आहे, चारचाकी आहे, बकरी आहे. ‘‘पाय दोन, म्हणून माणशी तिकीट घे,’’ कुणीतरी सुचवलं. ‘‘ह्याची उंची बघ, हाफ नको लावू,’’ दुसरा म्हणाला. या वादात दोरखंड सुटला आणि बोट निघाली. एन्रॉन जेटीच्या टोकावर हात लांब करून उभा राहिला, आणि जेटीवरच्या पंथाला आपल्या उपपत्तीचा पुरावा डोळ्यांदेखत मिळाला. इमू धोपाव्याला उतरला तो उतरलाच. पुढे तो गुहागरच्या बाजूला काजूच्या बागांतून दिसल्याचं लोक सांगत. ‘‘दाभोळचं काही आलं, की पलीकडे जाणार,’’ एवढंच एन्रॉन म्हणाला, आणि उरलेले पाच फुकट वाटून टाकले.

ही फेरीबोट २००३ पासून दाभोळ-धोपावे करते, आणि तिच्यामुळे चिपळूणचा सगळा वळसा वाचला. ती कल्पना मूळ आपली, असं याचं म्हणणं आहे. वाशिष्ठीतल्या मगरी दाखवायच्या सफरी आता चिपळूणवाले काढतात, तीही आपलीच. कल्पना याची आणि बोट दुसऱ्याची, असं इतक्यांदा झालं आहे की मी अलीकडे त्यावर हसत नाही. कोयनेत वीज तयार करून झाल्यावरचं पाणी, ज्याला सरकारी भाषेत अवजल म्हणतात, ते पोफळीकडून वाशिष्ठीत येतं आणि दाभोळवरून समुद्राला मिळतं. ते मुंबईला न्यायच्या गोष्टी मंत्रालयात किती वर्षं चालल्या आहेत! याने कधीच बाटलीवर चिकटवायचा मजकूर तयार केला होता : ‘शुद्ध अवजल. यातील वीज काढून घेतलेली असल्याने लहान मुलांस सुरक्षित.’

फेरीबोटीची वाट बघणारे पर्यटक हे त्याचं सध्याचं भांडवल. त्यांना तो जेटीजवळची जुनी मशीद दाखवतो, लोक तिला अंडा मशीद म्हणतात. विजापूरची शाहजादी मक्केला निघाली, दाभोळला अडकली आणि प्रवासाचा पैसा तिने या मशिदीत घातला, अशी आख्यायिका आहे. बांधकाम १६५९ चं मानतात. ‘‘निघाला मक्केला, लागला दाभोळात,’’ तो पर्यटकांना समजावतो. ‘‘गावाच्या इतिहासात पैसा ह्या बाजूला उतरला तो तेवढाच.’’ मग चंडिकेचं गुहेतलं देऊळ, वाकून आत जायचं, समईच्या उजेडात देवीचं दर्शन घ्यायचं. मग पोर्तुगीज. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाने दाभोळ लुटून जाळलं, असं की ‘दाभोळवर पडला तसा फिरंग्यांचा कोप तुझ्यावर पडो’ ही शिवीच या किनाऱ्यावर रूढ झाल्याचं जुन्या पोर्तुगीज बखरींत आहे. याला तो ‘पहिली थेट परकी गुंतवणूक’ म्हणतो. पुण्याचे पर्यटक हसतात. मुंबईचे त्याचा फोटो काढतात.

पण त्याचा खरा आराध्यपुरुष निराळाच. कुणा अभ्यासकाच्या भाषणात त्याने अफनासी निकितीनची गोष्ट ऐकली आणि त्या रात्री त्याला झोप लागली नाही. हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थानात आला तो एक घोडा घेऊन. एकच! इथे घोडे महाग विकले जातात असं त्याने ऐकलं होतं. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला आणि मुसलमान हो, तरच देतो म्हणाला. एका भल्या माणसाच्या मध्यस्थीने घोडा सुटला आणि पुढे बीदरला विकला गेला. फायदा झाल्याचं काही दिसत नाही. इथे आपल्या देशासाठी माल नाही, आपल्याला लोकांनी फसवलं, असं त्याने लिहून ठेवलं आणि परतीचं गलबत पकडलं ते दाभोळहून. तेही भरकटून हबशांच्या किनाऱ्याला लागलं. घरी पोचण्याआधीच, स्मोलेन्स्कच्या जवळपास, तो वारला.

‘‘एक घोडा,’’ एन्रॉन बोट वर करून सांगतो, ‘‘म्हणजे बघा, त्याने किती कमीत कमी धरलं होतं.’’

इतकं सगळं लिहिल्यावर कुणाला वाटेल, गावाने या माणसाला दाराबाहेर ठेवलं असेल. कोळंबीत त्याने सहा जणांचे पैसे घातले होते, इमूत चौघांचे. योजना बुडाली की गावातला असा माणूस सहसा मुंबईला जातो आणि गणपतीतही तोंड दाखवत नाही. हा कुठे गेला नाही. माडांचं उत्पन्न दोन वर्षं बाजूला टाकलं, खालचं आगर गहाण टाकून सोडवलं, पुन्हा गहाण टाकलं, आणि एकेकाचे पैसे घरी नेऊन दिले. चिपळूणच्या मेव्हण्याला एक दमडी भरावी लागली नाही, हे मेव्हणाच सांगतो, थोड्या निराशेनेच. समन्स आलं होतं तेही दुसऱ्या कुणाच्या बांधाच्या भांडणात साक्षीदार म्हणून. फेज टू का राहिली याचं हेही एक कारण आहे, पण गवंड्याच्या पंथात ते सांगत नाहीत.

म्हणूनच ज्या गावात त्याच्या धंद्यात कुणी दहा रुपये घालणार नाही, त्या गावाने उत्सवाची पेटी आणि किल्ली गेली कित्येक वर्षं त्याच्याकडे दिलेली आहे. उत्सवानंतरच्या बैठकीत हिशेब तोच वाचतो. वाचताना समास नाही, पेन्सिल नाही, कमीत कमी नाही. मोठी वही, निळी शाई. ‘‘मांडव भाडे. गुलाल. ढोलवाल्यांना चहा दोन वेळा, एक वेळ बिनसाखरेचा, कारण साखर संपली होती, ते पैसे धरलेले नाहीत.’’ मुंबईकर मंडळाच्या पावत्या वेगळ्या, फुटका नारळ वेगळा. मागच्या बाजूला बसलेले म्हातारे डोळे मिटून ऐकतात. हरकत घ्यायची वेळ येत नाही.

गेल्या खेपेला शिल्लक वाचून झाली, वही मिटली, आणि त्याचा हात खिशाकडे गेला. समासांचा गठ्ठा बाहेर आला. ‘‘मंडळी, खाडीवर पूल व्हायचं चाललंय. पूल झाला की फेरीला गर्दी कमी. पण पुलाच्या खाली सावली किती पडेल, याचा कुणी विचार केलाय? आपण कमीत कमी धरू...’’

सभा उठली. चपला शोधायची एकच घाई झाली. अध्यक्ष आभार मानायचे विसरून पायरी उतरले. गवंडी जाता जाता दिवा मालवत होता, त्याला वहिनींनी थांबवलं, ‘‘राहू दे, अजून ते बसलेत.’’ गुरवाचा धाकटा पोरगा तेवढा सतरंजीच्या कोपऱ्यावर मांडी घालून होता. बारावीला आहे, गणितात बरा आहे म्हणतात.

‘‘सावलीत काय करायचं, काका?’’ त्याने विचारलं.

एन्रॉनने पेन्सिल कानावरून काढली आणि सरकून त्याला जागा केली. ‘‘आधी मला सांग, तुला वजाबाकी येते?’’

‘‘येते.’’

‘‘मग तू हिकडं बस.’’